समुद्रकायाकमीमांसा : अर्थात आठ माणसं, आठ होड्या आणि एक ओहोटी

१. विषय

कोणत्याही होडीत एक तांडेल असतो आणि वल्हं कसं मारावं हे त्याला सांगणारे चारपाच जण असतात. ही व्यवस्था फार जुनी आहे आणि सर्व पक्षांना मानवलेली आहे. कायाकने ती मोडली. एक माणूस, एक होडी आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं एक वल्हं. जो तांडेल तोच खलाशी, आणि सल्लागाराला बसायला जागाच नाही. पाण्यावर पन्नास हातांवरून ओरडलेला सल्ला वारा घेऊन जातो. त्यामुळे एकमेकांना जे काही शिकवायचं असेल ते होड्या पाण्यात लोटण्यापूर्वीच शिकवून संपवावं लागतं. प्रस्तुत निबंधाचा सिद्धांत त्यातूनच निघतो: सामुदायिक समुद्रकायाकगमन ही मुळात जमिनीवर करायची क्रिया आहे. समुद्र तिच्यात उशिरा येतो आणि लवकर जातो.

२. पूर्वपक्ष : एकट्याने जावे

पूर्वपक्षाचा मुख्य आधार ऑस्कर स्पेक. या बेकार जर्मन इलेक्ट्रिशियनने १९३२ साली उल्म गावी डॅन्यूब नदीत घडीची कायाक टाकली. सायप्रसच्या तांब्याच्या खाणीत काम मिळेल, एवढाच बेत होता. बेत वाढत गेला. युफ्रेटिस, इराणचं आखात, हिंदुस्थानचा किनारा, सिलोन, ब्रह्मदेश असं करत करत १९३९च्या सप्टेंबरात तो ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाशी असलेल्या सायबाई बेटावर उतरला. तोवर महायुद्ध पेटलेलं होतं. किनाऱ्यावरच्या पोलिसांनी आधी त्याचं अभिनंदन केलं आणि मग शत्रूराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला अटक केली, असं सांगतात.

आपल्याकडे मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी द्वारकेहून कन्याकुमारीपर्यंतचा किनारा कायाकने उतरून दाखवला आहे. त्यांच्याही होडीत दुसरं कोणी नव्हतं.

यावरून पूर्वपक्ष असं अनुमान काढतो की एकट्या माणसाला सात वर्षांत ऑस्ट्रेलिया गाठता येतं. तेच आठ जणांना पहाटे सहा वाजता अलिबागचा किनारासुद्धा सोडता येत नाही. दोष समुद्राचा नसून 'जण' या अनेकवचनाचा आहे. हे मत वरवर बिनतोड वाटतं. त्याचं खंडन सहाव्या खंडात होईल, तोवर वाचकाने ते खरं धरून चालावं.

३. साधनखंड

ग्रीनलंडच्या इनुइट परंपरेत कायाक ही शिकाऱ्याच्या अंगाच्या मापाने बेतत. लांबी त्याच्या तीन वाव, रुंदी त्याच्या कमरेइतकी अधिक दोन मुठी. सांगाडा वाहून आलेल्या लाकडाचा, वर सीलचं कातडं, आणि ते शिवायचं काम बायकांचं. म्हणजे मुळात हे कपडेपटाचं काम. पुढे १९०७ साली घडीच्या कायाकचे हक्क विकत घेऊन ती बाजारात आणणारा योहान क्लेपर हाही रोझेनहाइमचा शिंपीच होता. आपण मात्र सोळा फुटी प्लॅस्टिकची होडी आधी घेतो आणि मग तिच्यात मावण्यासाठी सकाळी टेकडी चढू लागतो.

सोळा फूट म्हणजे पावणेपाच मीटरच्या पुढे. चार मीटरच्या आतल्या गाड्यांना कर कमी पडतो म्हणून आपण त्या घेतलेल्या. उरलेली कायाक टपाच्या पुढेमागे लोंबते. मागच्या टोकाला लाल फडकं बांधायचं असतं, आणि ते कोणी आणायचं यावर गटाची पहिली चर्चा होते. पट्टे आवळून गाडी द्रुतगती मार्गाला लागली की टपावर तंबोरा लागल्यासारखा एक घुंकार सुरू होतो. तज्ज्ञ म्हणतो, टप सैल आहे. दुसरा तज्ज्ञ म्हणतो, बेअरिंग गेलं. खरं कारण असं की सपाट पट्टा वाऱ्यात थरथरतो. बांधतानाच त्याला एक पीळ दिला की आवाज बंद. हा उपाय सर्वांना ठाऊक असतो आणि खोपोलीला चहासाठी थांबल्यावर आठवतो.

यानंतर वल्ह्याचा कोन. कायाकच्या वल्ह्याची दोन पाती एका प्रतलात ठेवावीत की एकमेकांशी तिरकी? तिरकी ठेवली तर हवेतलं पातं वाऱ्याला धारेने कापतं. सरळ ठेवली तर मनगट फिरवावं लागत नाही. साठ अंशवाले, तीस अंशवाले आणि शून्यवाले असे तीन संप्रदाय आहेत. चौथा संप्रदाय ग्रीनलंडच्या अरुंद लाकडी वल्ह्याचा. तो फारसं बोलत नाही, नुसता कीव करत बघतो. कार्बनचं वल्हं काचतंतूच्या वल्ह्यापेक्षा दोनेकशे ग्रॅमने हलकं असतं. त्यासाठी दुप्पट पैसे मोजलेला सदस्य डब्यात किलोभर शंकरपाळे घेऊन येतो, हे शास्त्राला अमान्य नाही.

बसायच्या खळग्यावर ताणून बसवायचा घेर म्हणजे स्प्रे स्कर्ट. लाटेचं पाणी आत येऊ नये म्हणून तो असतो. त्याच्या पुढच्या बाजूला एक फासा असतो. होडी उलटली की तो ओढायचा, घेर सुटतो आणि माणूस बाहेर येतो. स्कर्ट बसवताना हा फासा चुकून आत दुमडला गेला तर उलटं लटकून त्याचा शोध घ्यावा लागतो. या एका गोष्टीबाबत विनोद करू नये, आणि सुदैवाने कोणी करतही नाही. निघण्यापूर्वी प्रत्येकजण शेजाऱ्याचा फासा बघतो. लाइफ जॅकेटबाबत मात्र 'गरम होतं' हे मत प्रबळ असल्याने ते पुष्कळदा डेकवरच्या रबरी दोरीखाली अडकवलेलं दिसतं. तिथे ते होडीचं रक्षण करतं.

बाकी साधनं म्हणजे हातपंप, पॅडल फ्लोट (वल्ह्याच्या पात्यावर चढवायचा फुगा), ओढून नेण्याचा दोर, शिट्टी, होकायंत्र, आणि ड्राय बॅग. ड्राय बॅगेतली हवा काढून तोंड तीनदा गुंडाळायचं, तरच ती कोरडी राहते. आत मोबाइल असतो. फोटोसाठी तो दर दहा मिनिटांनी बाहेर येतो, त्यामुळे तीनदा गुंडाळायचं तोंड एकदा गुंडाळण्यावर येतं. १९५६ साली हानेस लिंडेमान या डॉक्टरने सतरा फुटी घडीच्या कायाकमध्ये ७२ दिवसांत अटलांटिक ओलांडला. ७२ दिवसांचा संसार एका होडीत मावला. आपल्या एका दिवसाच्या सहलीत तीन पिशव्या गाडीतच ठेवाव्या लागतात. यावरून नियम असा बसतो: सामानाचं प्रमाण अंतराशी व्यस्त असतं.

४. अधिकारिभेद

गटातले सदस्य शास्त्राने पाच प्रकारचे मानले आहेत.

साधननिष्ठ: याच्याकडे सर्व काही आहे, आणि ते दोन आहेत. एक स्वतःसाठी, एक 'तू वापरून तर बघ' म्हणण्यासाठी.

अंतरनिष्ठ: दोन किलोमीटरचा बेत ठरला की हा 'एवढ्यासाठी एवढ्या लांब जायचं?' असं विचारून तो नऊ किलोमीटरवर नेतो आणि आदल्या रात्री येणं रद्द करतो. नऊ किलोमीटर तसेच राहतात.

आहारनिष्ठ: याला भरतीचं वेळापत्रक माहीत नसतं, पण कुठल्या खाणावळीत पापलेट किती वाजता संपतं हे अचूक माहीत असतं.

अंगठाधारी: कोणत्याही प्रश्नाला हा अंगठ्याचं चित्र धाडतो. 'सहाला निघायचं की सातला?' यालाही.

आणि शेवटचा संदिग्ध: 'माझं धरून चाला, पण नक्की धरू नका.' गाड्या किती, होड्या किती, खोल्या किती, हे सगळं गणित याच्याभोवती फिरतं. उरलेल्या सातांचं नियोजन म्हणजे वास्तविक या एकाच्या दोन पर्यायांचं नियोजन.

५. कालखंड : सोदाहरण

कोकणच्या किनाऱ्यावर कायाकचा मोसम पावसाळा सरून समुद्र शांत झाल्यापासून उन्हाळ्यापर्यंत. दिवसाची वेळही ठरलेली आहे. पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो आणि पाणी निवांत असतं. दुपारी समुद्राकडून खारा वारा उठतो आणि पाण्याला शिंगं फुटतात. म्हणून उजाडता निघावं, ऊन चढायच्या आत परतावं. यावर आजवर एकाही गटात मतभेद झालेला नाही. अंमलबजावणीही झालेली नाही.

भरतीसाठी कोळ्यांचा ठोकताळा वापरावा. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ आली. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला भरती. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनला. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पाणी मात्र सहाही तास एकाच वेगाने उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी जातं.

आता उदाहरण. गट पुण्याचा, लक्ष्य अलिबागचा कुलाबा किल्ला, दिवस रविवार. किल्ल्यात गणपती आहे आणि त्या दिवशी संकष्टी, हा योग साधावा असं दोघांच्या घरून सुचवण्यात आलं. संकष्टी म्हणजे चतुर्थी. पहाटे तीनला भरती, नऊला ओहोटी, आणि निम्मं पाणी पाच ते सात या वेळात निघून जाणार. पौर्णिमेचं उधाणही पुरतं ओसरलेलं नाही. तेव्हा निघावं साडेपाचला, हे गणिताने स्पष्ट होतं. ते गणित गटाला आठवडाभर आधी धाडलेलं होतं. त्यावर तीन अंगठे आले होते.

प्रत्यक्षात साडेपाचला दोन गाड्या वडखळला होत्या. सहाला किनाऱ्यावर आलेल्यांनी उरलेल्यांना फोन केले. साडेसहाला उपवासवाल्यांसाठी साबुदाण्याची खिचडी शोधण्याचा ठराव झाला आणि तिच्या जोडीला बिनउपवासवाल्यांसाठी पोह्यांचा. खिचडीत शेंगदाण्याचा कूट कमी पडल्याची चर्चा वीस मिनिटं चालली. मग वल्ह्याचा कोन. मग स्केग, म्हणजे होडीच्या बुडातून खाली सोडायचा पंख, उतरेना. होडी वाळूतून ओढत आणल्याने त्याच्या खाचेत खडा बसला होता. तो सुरीच्या टोकाने काढेपर्यंत नऊ वाजले. आठही जण स्कर्ट घालून, फासे तपासून, लाइफ जॅकेटांसह सज्ज झाले तेव्हा समोर समुद्र नव्हता. ओली वाळू, खडक, आणि त्यावरून किल्ल्याकडे निघालेल्या भाविकांनी भरलेल्या घोडागाड्या. आठ जणांनी दोघांत दोन अशा होड्या उचलल्या आणि पाण्याच्या दिशेने चालू लागले. एक गाडीवाला थांबला.

"शेठ, एवढं उचलून कुठं चाललात?"

"किल्ल्यावर."

"मग होड्या टाका की गाडीवर. सोडतो किल्ल्यापाशी."

भाडं विचारण्यात आलं. गटात त्यावर तात्काळ एकमत झालं, आणि नियोजनाच्या संपूर्ण काळातलं ते एकमेव एकमत होय.

या खंडात गतिविचारही उरकून घेतो. सहलीची कायाक ताशी पाचसहा किलोमीटर जाते. गटाचा वेग मात्र सर्वांत संथ सदस्याचा. पुढचे पुढे जाऊन थांबतात, मागचा धापा टाकत पोचतो. तो पोचताच विसावलेले पुढचे 'चला' म्हणतात. ज्याला विश्रांतीची गरज, त्याला ती कधीच मिळत नाही. यावर उपाय एकच: सर्वांत संथ माणसाला पुढे ठेवावं. हा उपाय त्याला अपमानास्पद वाटतो.

६. उत्तरपक्ष

आता पूर्वपक्षाचं खंडन. स्पेक एकटा गेला आणि पोचला हे खरं. पण उलटलेल्या कायाकमध्ये परत चढणं हे एकट्याला फार जड जातं. पॅडल फ्लोट आणि पंप त्यासाठीच असतात, आणि लाटेत ते वापरून बघितलेला माणूस पुढच्या वेळी सोबत शोधतो.

दुसरी होडी असली की काम सोपं होतं. वाचवणारा उलटलेल्या होडीचं नाक धरून आपल्या डेकवर ओढतो. खळग्यातलं पाणी खाली सांडतं. मग ती सुलटी करून आपल्या होडीला उलट तोंडाने चिकटवतो आणि तिच्यावर सगळं अंग टाकून घट्ट धरून ठेवतो. पाण्यातला माणूस तिच्यावर पोटावर चढतो आणि हळूच पाय आत सारतो. सराव असेल तर दोनतीन मिनिटांचा खेळ. त्या दोन मिनिटांत वाचवणाऱ्याची होडी कार्बनची आहे की भाड्याची, वल्ह्याचा कोन साठ की शून्य, खिचडीत कूट किती होता, हे प्रश्न उपस्थित होत नाहीत. त्याने होडी सोडू नये, एवढीच अपेक्षा असते. आणि तो सोडत नाही.

म्हणजे साधनांच्या यादीत पहिलं साधन सोबती. ते उशिरा येतं, खूप खातं, सल्ले देतं आणि ड्राय बॅगेत मावत नाही. तरी ते घरी ठेवून येता येत नाही. आणि ते साधन सरावाशिवाय कामाचं नाही. म्हणून निघण्यापूर्वी छातीभर पाण्यात एकदा सर्वांनी आळीपाळीने उलटून घ्यावं. जमिनीवरचा वेळ कुठे घालवायचा असेल तर इथे घालवावा.

७. फलश्रुती

हा निबंध जो संकष्टीला, उपाशीपोटी, भरतीच्या दोन तास आधी वाचेल त्याला वेळेवर पाणी मिळेल. जो गटात मोठ्याने वाचून दाखवेल त्याला अंगठे मिळतील. जो परतीच्या वाटेवर वाचेल त्याला हिशोब करावा लागेल.

हिशोबाबद्दल एवढंच सांगायचं. टीटीएमएम ठरलेलं असतं, पण पेट्रोल एकाने भरलेलं असतं, खोलीचे पैसे दुसऱ्याने दिलेले असतात, घोडागाडीचं भाडं तिसऱ्याने, आणि संदिग्ध सदस्य आलाच नसेल तर त्याच्या वाट्याचं काय करायचं हे कोणी ठरवलेलं नसतं. अशा वेळी तज्ज्ञ सांगतो, 'राहू दे, पुढच्या ट्रिपला वळते करून घेऊ.' सर्वजण मान्य करतात. पुढच्या ट्रिपची तारीख अशा रीतीने तिथेच ठरते, कारण ज्याचे पैसे अडकलेत तो गट सोडत नाही आणि ज्याने द्यायचेत तो तोंड चुकवू शकत नाही. आमच्या माहितीतले सर्व दीर्घायुषी गट याच तत्त्वावर चाललेले आहेत. सबब हिशोब पूर्ण करू नये.