अर्थिंग गेलं, मालक

चारही दारं धाडधाड आपटून झाली, तरी मीटरवर उघड्या दाराचं लाल चित्र हटत नाही, तेव्हा परभणीत जिंतूर रोडला किंवा गंगाखेड रोडला ज्याला गाठावं लागतं, तो वायरमन तुम्हाला ठाऊक आहेच. गाडी बंद व्हायच्या आत त्याचं निदान तयार असतं : ‘अर्थिंग गेलं, मालक.’ हॉर्न वाजेना, अर्थिंग. वायपर मधेच थांबला, अर्थिंग. शेजारच्या हॉटेलात दूध नासलं तरी त्याला हाच संशय येत असावा. शिकलेल्या गाडीमालकाला हा निव्वळ अडाणीपणा वाटतो. पण निदान दाराच्या बाबतीत तरी या माणसाचं बरोबर असतं, असं माझं म्हणणं आहे. बहुतेक जुन्या गाड्यांत छतातल्या दिव्याला बॅटरीचा प्लस कायम मिळत असतो. दाराच्या चौकटीतलं बटण जोडतं-तोडतं ते फक्त अर्थ. दार उघडलं की बटण बाहेर येतं, वायरीला बॉडीचा अर्थ मिळतो, दिवा लागतो. नव्या गाड्यांत हे बटण दाराच्या लॅचमध्ये गेलं आणि दिव्यासाठी, मीटरवरच्या चित्रासाठी निरोप कंट्रोल मॉड्यूलला जाऊ लागला, तरी बऱ्याच गाड्यांत तत्त्व तेच. तेव्हा दिवा लागेचना तर अर्थिंग गेलेलं, आणि विझेचना तर नको तिथं आलेलं. गेलं की आलं, एवढा तपशील मालकाला सांगायची त्याला गरज वाटत नाही, इतकंच.

‘पण स्कॅनर लावला की झालं!’ असं कोणी म्हणेल. स्कॅनर कोणतं दार उघडं दिसतंय ते सांगतो. का दिसतंय, ते त्यालाही ठाऊक नसतं. त्यासाठी बटणाचा कपलर सुटा करावा लागतो. अशा सर्किटात कपलर काढताच चित्र गेलं तर दोष बटणात. तरीही राहिलं तर वायर कुठंतरी सोलून बॉडीला टेकलेली. ती जागा पुष्कळदा बिजागरीजवळच्या रबरी नळीत सापडते, कारण दार उघडता-मिटता वायर तिथंच दुमडते. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. काही बहाद्दर ती वायरच कापून टाकतात. ‘दिवा विझला ना, मालक?’ विझतो, मग दार खरंच उघडं राहिलं तरी गाडी चकार शब्द काढत नाही. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण अशाच दुरुस्त्यांवरून पडली की काय, अशी शंका येते.

तरीही मे महिन्याच्या उन्हात, तापलेल्या पत्र्याला कोपर लागत असताना, उंबऱ्याशी डोकं घालून एकेक वायर नखाखालून फिरवत केसाएवढी चीर शोधणारा तोच असतो. अख्खं वायरिंग बदला, असं तो सहसा म्हणत नाही. वीतभर वायरीत काम भागवतो. म्हणून त्याच्याकडेच जा. फक्त वायर कापू देऊ नका, जोड दुमडणाऱ्या जागेपासून लांब द्यायला सांगा, आणि टेपचे पैसे वेगळे मागितले तर घासाघीस करू नका.