आप्पांचं इन्स्पेक्शन

नाशिकला द्वारकेच्या आसपास कुणाला जुनी, मोठी गाडी घ्यायची लहर आली की आधी कर्जाची चौकशी होते आणि लगोलग आप्पांची. आप्पा आमच्या काठे गल्लीतले. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी क्वालिटीत गेली. समोर आलेल्या पार्टाला व्हर्नियर लावायचा, मापात नसला की लाल ठिपका द्यायचा, एवढंच काम. पण ते त्यांनी असं मनापासून केलं की वरिष्ठसुद्धा त्यांच्या टेबलासमोरून जाताना शर्ट नीट खोचायचे. निवृत्तीला कारखान्याने शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ दिवसाला चार सेकंद मागे पडतं, हे आप्पांनी त्याच आठवड्यात लेखी कळवलं.

स्वतः आप्पा ॲक्टिव्हावर फिरतात. चारचाकी घ्यायची त्यांच्या मनात केव्हापासून आहे, आणि घेतली तर जर्मनच. जुनी का असेना. पण आजवर जी जी बघितली तिला लाल ठिपका. आता लोक त्यांना आपल्या गाड्या बघायला नेतात आणि आप्पांची हौस परस्पर भागते.

त्यांचा सिद्धांत असा : रनिंग, किंमत आणि वॉरंटी या तीन गोष्टी जुन्या गाडीत एका छपराखाली नांदत नाहीत. रनिंग कमी आणि कंपनीची वॉरंटी शिल्लक असेल तर किंमत नव्याच्या उंबऱ्याशी. किंमत उतरली असेल तर वॉरंटी संपलेली आणि मीटर लाखापलीकडे. "आणि तिन्ही चांगल्या निघाल्या तर?" मी एकदा विचारलं. "तर चौथी वाईट असते. ती शोधायची."

ॲव्हरेज हा लोकांचा पहिला प्रश्न. आप्पांना त्याची चीड आहे. तेही हिशेब मांडून. महिन्याला हजार किलोमीटर, एक गाडी लिटरला नऊ देते, दुसरी बारा. डिझेल नव्वदच्या आसपास धरा. फरक पडला महिन्याला अडीच हजार. "आणि एअर सस्पेन्शन एकदा बसलं की अशी कित्येक वर्षांची बचत एका दुपारी जाते. वीसपंचवीस लाख टाकणारा माणूस डिझेलचे अडीच हजार मोजतो आणि खाली वाकून सस्पेन्शन बघत नाही!"

खाली वाकून न बघणाऱ्यांबद्दल त्यांचा जुना राग आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत मंडळींनी एकजुटीने, पासष्ट कोटींच्या, दीडशे मर्सिडीज एका झटक्यात घेतल्या. उद्योगी शहराचा पराक्रम म्हणून त्याची देशभर बातमी झाली. आप्पांची प्रतिक्रिया एकच : "दीडशेतल्या एकाने तरी बॉनेट उघडून पाहिलं असेल का?" नव्या गाड्या होत्या, हे सांगून उपयोग नसतो.

तर गेल्या हिवाळ्यात आप्पांचा भाचा पिंपळगाव बसवंतहून आला. द्राक्षबागेचे चार पैसे हातात होते आणि त्याला मोठी गाडी हवी होती. फॉर्च्युनर का नको, असं मी विचारलं, तर म्हणाला, "काका, निफाड तालुक्यात फॉर्च्युनर आता कुणाकडं नाही?" शिवाय हिशेबही होता. फॉर्च्युनर जुनी झाली तरी भाव सोडत नाही. जर्मन गाडी चारपाच वर्षांत निम्म्यावर येते. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि सेस मिळून पन्नास टक्क्यांचा कर चाळीसवर आला. नवी फॉर्च्युनरच साडेतीन लाखांपर्यंत उतरली म्हटल्यावर जुन्यांच्या मालकांचे चेहरेही उतरले. आप्पांचा सल्ला होता, थांब, अजून पडेल. हा सल्ला ते कुठल्याही महिन्यात देतात.

गाडी द्वारकेजवळच्याच एका एजंटकडे होती. पांढरी, २०१९ची, मीटरवर ४८ हजार, मागणी साडेचोवीस लाख. "सिंगल ओनर, नॉन ॲक्सिडेंटल, एक रुपयाचं काम नाही. डॉक्टरांची गाडी आहे, शेठ. त्यात लेडी डॉक्टर, कॉलेज रोडला डेंटिस्ट. घर ते क्लिनिक, क्लिनिक ते घर." नाशकात विकायला आलेली प्रत्येक गाडी डॉक्टरांचीच कशी असते, हे मला कळलेलं नाही. शिक्षकाची, वकिलाची किंवा नुसत्या माणसाची गाडी कधी बाजारात येतच नाही.

आप्पांनी खिशातून टॉर्च काढला. त्यांचे आजोबा घोटीच्या बाजारात बैलाचा जबडा उघडून दात मोजायचे म्हणतात. आप्पा टायरवरचे आकडे वाचतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे होतं ३२२४. "म्हणजे २०२४चा बत्तिसावा आठवडा. गाडी २०१९ची. एक सेट पंचेचाळीस-पन्नास हजार चालतो. पहिला संपला, हा दुसरा निम्मा झिजला, आणि मीटर अठ्ठेचाळीसवरच?"

"मॅडमना खड्डे फार लागले," एजंट म्हणाला. नाशिकचा माणूस या उत्तराला आव्हान देऊ शकत नाही. आप्पा पुढे सरकले.

ब्रेकच्या पेडलचं रबर मध्यभागी गुळगुळीत. स्टिअरिंगचं चामडं वर डाव्या बाजूला चकचकीत. ड्रायव्हर सीटची आतबाहेर करायची कड चेपलेली, शेजारची सीट मात्र कोरी. "चालवणारा सहा फुटी आहे आणि एकटाच फिरतो," आप्पांनी निदान केलं. मग त्यांनी सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून काढला. गाडी पुरात बसलेली असेल तर कार्पेट बदलतात, सीट धुतात, पण बेल्टच्या तळाशी गाळाची रेघ राहून जाते. नाशिककर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतात, आप्पांनी एजंटला तोच मापदंड लावला, "खरं सांगा, मारुतीच्या कमरेपर्यंत की छातीपर्यंत?" बेल्ट स्वच्छ निघाला. आप्पांचा चेहरा पडला.

पण खरा हुकमाचा एक्का त्यांच्या मोबाइलमध्ये असतो. वाहतूक पोलिसांच्या ई-चलानच्या साइटवर गाडीचा नंबर आणि चॅसिसचे शेवटचे चार आकडे टाकले की थकलेला दंड दिसतो, ठिकाण, वेळ आणि फोटोसकट. आप्पांनी चष्मा कपाळावर नेला आणि मोठ्याने वाचलं, "मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे, रात्री पावणेदोन, वेग १४१. पुढचं, समृद्धी महामार्ग, पहाटे चार. त्याच्या पुढचं, परत एक्स्प्रेस वे."

एजंट क्षणभर गप्प झाला. "इमर्जन्सी असेल, आप्पा. डॉक्टर आहेत."

"दाताची?"

मी तोंड फिरवून उड्डाणपुलाकडे बघू लागलो. भाचा मात्र हसला नाही. तो मोबाइलवर काहीतरी टिपत होता.

मग वॉरंटी. "वर्षभराची देतो," एजंट म्हणाला आणि एक छापील कागद पुढे केला. वॉरंटीत काय आहे ते वाचायचं नसतं, काय नाही ते वाचायचं असतं, हे आप्पांचं ज्ञान मला फार मोलाचं वाटतं. कागदात टर्बो नव्हता. इंजेक्टर नव्हते. सस्पेन्शन, इलेक्ट्रॉनिक्स, सेन्सर, काहीच नव्हतं. म्हणजे या गाड्यांचं जे जे बिघडतं ते वगळून उरलेल्याची हमी होती. आणि क्लेम लागला तर फोन कुणाला करायचा? "मलाच." तुम्ही कुठे असाल? "इथेच, द्वारकेला. इथून कोण निघू शकतंय?"

हे उत्तर आप्पांनाही आवडलं. पण त्यांनी भाच्याला बाजूला घेऊन समजावलं, की कामाची वॉरंटी कंपनीची वाढीव. ती पहिली संपायच्या आत घेतलेली असावी लागते, सर्व्हिस कंपनीतच झालेली लागते आणि मालक बदलला की कंपनीकडे नाव बदलून घ्यावं लागतं. इथे ती केव्हाच संपली होती. विम्यावर पन्नास टक्के नो क्लेम बोनस आहे असं एजंट सांगत होता. तो बोनस माणसाचा असतो, गाडीबरोबर येत नाही, हेही आप्पांनी सुनावलं. एजंटने जाता जाता एक दिल्लीची गाडी सुचवून पाहिली, चार लाखांनी स्वस्त. दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध येत गेले, म्हणून त्या इकडे येतात. "तिकडची एनओसी, इकडचा टॅक्स, नवा एमएच १५ नंबर. तुझे चार लाख पेठ रोडच्या आरटीओपर्यंत पोचता पोचता संपतील," आप्पा म्हणाले.

टेस्ट ड्राइव्हला निघालो. द्वारकेला टेस्ट ड्राइव्ह म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. आग्रा रोड आणि पुणे रोड इथे एकमेकांत शिरतात. त्यात सारडा सर्कलकडून येणारे, टाकळी रोडकडे वळणारे, नाशिकरोडचे रिक्षावाले आणि चालणाऱ्यांसाठी बांधलेल्या भुयाराकडे न बघता वरूनच जाणारे चालणारे. डोक्यावर उड्डाणपुलावरून मुंबईची गाडी सुसाट जाते आणि खाली तीन लिटरच्या इंजिनाने आम्ही एका उसाच्या रसाच्या गाड्याला वीस मिनिटं ओलांडत होतो. पडद्यावर ॲव्हरेज ३.१ पर्यंत घसरलं. भाचा कळवळला. आप्पा मात्र खूश होते. "हीच खरी टेस्ट! हायवेवर कुठलीही गाडी पळते. एसी बघ, इंजिनाचं टेंपरेचर बघ, गिअर धक्का देतो का बघ." गिअरने दिला. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना, बारीकसा. आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू पोराला पहिला दात आला.

परत आल्यावर निकाल लागला. "रिजेक्ट."

इथे आप्पांची आणि बाजाराची फारकत होते. कारखान्यात पार्ट एक तर पास, नाही तर भंगारात. बाजारात भंगारालाही भाव असतो, आणि प्रत्येक खोट म्हणजे फक्त एक वजाबाकी असते. भाच्याने तेवढीच केली होती. मोबाइल एजंटसमोर धरून तो म्हणाला, "टायर ऐंशी हजार. गिअरबॉक्सचं तेल आणि काम दीड लाख धरतो. दंड तुम्ही भरायचा. खरं रनिंग मी नव्वद धरलंय, त्याचा एक लाख. सगळं मामांनी काढलंय, मी काही बोललेलो नाही."

पुढची घासाघीस आप्पांनी ऐकली नाही, कारण तेवढ्यात त्यांना गाडीखाली तेलाचा वास आला होता. पुठ्ठा पसरून ते आत शिरले. बाहेर फक्त त्यांचे सँडल दिसत होते. "पाझरतंय! मी म्हणत होतो ना, चौथी गोष्ट! डिफरेन्शियलपाशी ओलं आहे!" सँडल आनंदाने हलत होते.

वर, चहाच्या टेबलावरचा पेमेंटचा डबा खणखणीत आवाजात बोलला, "एक्कावन्न हजार रुपये प्राप्त झाले."

सँडल थांबले.

सौदा एकवीस लाख वीस हजारांवर तुटला होता. पण भाचा मामांचाच. त्याने इसारपावतीवर लिहून घेतलं की कंपनीतला सर्व्हिस रेकॉर्ड चॅसिस नंबरावर निघाला पाहिजे, बँकेची एनओसी आणि २९-३० नंबरचे फॉर्म सह्यांसकट हातात पडले पाहिजेत, तोवर बाकीचा रुपया सुटणार नाही. आप्पा कपडे झटकत बाहेर आले. "मी रिजेक्ट दिलं होतं," एवढंच म्हणाले. "तेच विकलं ना, मामा," भाचा म्हणाला. तेलाचे पंधरा हजारही त्याने मग कापून घेतले.

आप्पा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. रिजेक्ट माल गेटबाहेर गेला, हा त्यांच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग. तिसऱ्या दिवशी सकाळी तोच एजंट काठे गल्लीत त्यांच्या दारात उभा. हातात पेढ्यांचा पुडा. आप्पांनी तो हातात घेऊन आधी तारीख बघितली.

"आप्पा, रविवारी पुण्याला एक पार्टी आहे. मला गाडी घ्यायचीय. तुम्ही चला."

"मी ओके म्हणणार नाही. आधीच सांगतो."

"ओके कोण मागतंय? तुम्ही पार्टीसमोर फक्त रिजेक्ट म्हणत राहा, मी भाव पाडत राहतो. मी गाडी घेताना तुम्ही या, आप्पा. विकताना तेवढे घरी बसा."

आप्पांनी बराच वेळ विचार केला. मग टॉर्च उघडून सेल बाहेर काढले, त्यांच्यावरची तारीख वाचली आणि विचारलं, "जायचं कुणाच्या गाडीतून? आणि तिचं रनिंग किती झालंय?"