शेठ, तण असं काढा

प्रस्तुत मार्गदर्शन शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत एनए प्लॉट घेऊन त्यावर बंगला आणि बंगल्यापुढे लॉन करणाऱ्या मुंबई-ठाणेकरांसाठी आहे. स्थानिकांनी वाचायला हरकत नाही; मोठ्याने हसू नये.

सुरुवात जमीन साफ करण्यापासून. पाऊस पडण्याआधी प्लॉटवरची हरळी मुळासकट खणून काढावी. ती चिवट असते, म्हणून मजूर हात राखून लावू नयेत. जमीन उघडी पडली की नर्सरीतून बर्म्युडा गवताचे गालिचे मागवून अंथरावेत. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत हरळी आणि बर्म्युडा दोन्हींपुढे सायनोडॉन डॅक्टिलॉन हे एकच नाव छापलेलं असतं, पण पुस्तकांना नर्सरीचं बिल थोडंच भरायचं असतं! गणपतीसाठी दुर्वा मात्र बाजारातूनच आणाव्यात. लॉन खुडायला थोडंच लावलंय?

गालिच्याखाली ट्रकभर लाल माती टाकावी लागते. तिच्याबरोबर लव्हाळ्याच्या गाठी येतात. मातीवाला त्यांचे वेगळे पैसे लावत नाही, हा त्याचा मोठेपणा. लव्हाळा वरून उपटला की फार समाधान वाटतं आणि ते पुढच्या शनिवारपर्यंत टिकतं. जमिनीखाली गाठींची माळ असते. वरचा शेंडा गेला की झोपलेल्या गाठी उठतात आणि एकाच्या जागी चार कोंब येतात. तुकोबांच्या महापुरात जो टिकला, तो सुट्टीच्या दिवशीच्या खुरप्याला दाद देईल ही आशा ज्याची त्याने ठेवावी. गाठी तळापासून उकरण्यात रानडुक्कर वाकबगार आहे. मजुरी मागत नाही, रात्रपाळीला येतो. लॉनही तोच उकरून ठेवतो.

यापुढचा भाग लक्षपूर्वक वाचावा, कारण चुका इथेच होतात. मृगाच्या सरी पडल्या की कुंपणाकडेने टाकळा, कुर्डू, केना असा सगळा गोतावळा वर येतो. अशा वेळी वॉचमनची बायको हमखास म्हणते, "शेठ, टाकला कवला हाय, खुडून नेऊ का?" ठाम नकार द्यावा. परवानगी दिली तर ती आणि पाड्यावरच्या चार बाया रोज सकाळी येऊन कोवळे शेंडे खुडून नेतील, फूल धरायला काही उरणार नाही, बी पडणार नाही आणि तण फुकटात आटोक्यात येईल. फुकटच्या कामाचा दर्जा आपल्याला माहीतच आहे. त्याऐवजी टाकळा दाणेदार शेंगा धरेपर्यंत वाढू द्यावा, मग रोजाने माणसं लावून उपटावा आणि वाळायला तिथेच टाकावा. बी आपोआप पेरलं जातं. मधल्या काळात दादरच्या फुटपाथवर त्याच टाकळ्याची जुडी घासाघीस करून घ्यावी. ऑगस्टात कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे कुर्डूची भाजी चाखून "हल्ली हे मिळत नाही हो" असं म्हणण्याची पद्धत आहे.

टाकळा गेला की रिकाम्या जागी गाजरगवत येतं. 1950च्या दशकात पुण्यात ते नजरेत भरलं. अमेरिकी गव्हातून आलं असं लोक सांगतात. काँग्रेस गवत हे त्याचं दुसरं नाव. त्याने अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं. त्यावर मेक्सिकोतून भुंगे आणून 1984 मध्ये सोडण्यात आले. ते पावसाळ्यात पानं खातात आणि पुढे जमिनीत झोपा काढतात. कृषितज्ज्ञांचा दुसरा उपाय असा, की गाजरगवत वाढतं तिथे तरोट्याचं बी फेकावं, तो त्याला डोकं वर काढू देत नाही. तरोटा म्हणजे आपला टाकळा. बी विकत आणावं लागेल.

ग्लायफोसेट फवारायचा मोह होईल. 2022च्या केंद्राच्या अधिसूचनेने ते फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांच्या हाती दिलं. तसंही त्याला लॉन आणि तण यांतला फरक कळत नाही.

शेजारच्या शेतकऱ्याला सल्ला विचारू नये. तो राब सांगेल. उन्हाळ्यात भाताच्या रोपासाठी ठेवलेल्या तुकड्यावर शेण, झाडांची कवळ, पातेरा, गवत यांचे थर द्यायचे, वर माती भुरभुरायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूने काडी लावायची. तणाचं बी जळतं, राखेचं खत होतं. पुढे चिखलणी आणि खाचरात उभं पाणी. उरलंसुरलं बाया बेणणीला काढतात. या राबाच्या कवळीवरून ठाण्याच्या शेतकऱ्यांची आणि जंगलखात्याची एवढी जुंपली होती, की 1885 मध्ये सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. इतकं वादग्रस्त तंत्र बंगल्यापुढे शोभत नाही. धुराने पडदेही खराब होतात.

उरला खात्रीचा उपाय. दिवाळीनंतर पाणी बंद करायचं. इथल्या उन्हात मार्चपर्यंत वरचं सगळं तण वाळून जातं, अर्थात लॉनसकट. ते परवडणार नसेल तर बोअरवेल मारून स्प्रिंकलर चालू ठेवावा. लव्हाळा बारमाही टवटवीत राहील. तानसा 1892 पासून आणि मागाहून भातसा, ही शहापूर तालुक्यातली धरणं मुंबईला पाणी देतात. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिलात टँकर फिरतो. तेव्हा कुंपणाची भिंत चांगली सहा फुटी बांधावी. टँकरपाशी हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायांना आतला लव्हाळा दिसला, तर त्या तो बेणायचा दर सांगतील, आणि यंदा तो वाढलेला असेल.