घरच्या ड्यूटीवर नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

रांजणगाव एमआयडीसीत कामाला लागलं की पहिल्या दिवशी कंपनी बसवून सगळं समजावते. हेल्मेट कुठलं, बूट कुठले, पंचिंग कुठे, जेवणाची सुट्टी किती. शेजारच्या कारेगावात एखाद्या घरी डॉक्टर सांगतात की आबांना स्मृतिभ्रंश झालाय. त्याच संध्याकाळपासून घरातलं एक माणूस, बहुतेक सूनबाईच, नव्या ड्यूटीवर लागतं आणि तिला कुणी काहीच सांगत नाही. ती उणीव इथे भरून काढली आहे. पुढच्या सूचना नीट पाळल्या तर माणूस हमखास मोडून पडतो. चिकाटी असेल तर आबांच्याही आधी.

पायरी १ : तास मोजू नका

१९४८च्या कारखाना अधिनियमाने कामगाराला आठवड्याचे ४८ तास, दिवसाचे ९ तास, सलग ५ तासांनंतर अर्धा तास विसावा, आठवड्यातून एक सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट पगार ठरवून दिला. पुढे दुरुस्त्या झाल्या, नव्या संहिता आल्या, तरी तास मोजायचे असतात हे कुणी नाकारलं नाही. घरी मात्र मोजू नयेत. मोजले की फर्स्ट, सेकंड आणि नाईट, तिन्ही आपल्याच नावावर आहेत हे कळतं, आणि असं कळणं कामाला बाधक. धनी नाईट करून आले की घरातले सगळे हळू बोलतात, टीव्हीचा आवाज कमी होतो. तुमचीही नाईटच झालेली असते, आबांना चार वेळा मोरीत नेऊन आणण्यात. ती हजेरीत धरायची नाही.

लाइनवरचा माणूस रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडत नाही, हे खरं. पण रिलीव्हर आलाच नाही तर सुपरवायझर धावाधाव करतो, हेही खरं. घरी यातला फक्त पहिला भाग पाळावा.

पायरी २ : आबांना खरं काय ते पटवून द्या

दिवस कलला की आबा उठतात, टोपी चढवतात. ‘गुरं बांधायची राहिलीत, रानात जाऊन येतो.’ रानातलं काही कंपन्यांकडे गेलं, उरलेल्यावर भाड्याच्या खोल्या उठल्या, गोठा होता तिथे भाडेकरू पोरांच्या मोटारसायकली लागतात. अशा वेळी आवाज चढवावा. गुरं कधीच विकली, जमीन गेली, पैसे आले, पैसेही गेले, असं क्रमाने सांगावं. आबांना ही बातमी दर वेळी पहिल्यांदाच कळते. दर वेळी ते तेवढेच हबकतात, रडतातसुद्धा, आणि थोड्या वेळाने पुन्हा टोपी शोधतात. मग पुन्हा सांगावं. दोन-चार महिन्यांत आबांना तुमची भीती बसते आणि अंघोळीला, जेवायला, औषधाला झटापट सुरू होते.

संध्याकाळी अशी घालमेल वाढणं हे या आजारात नेहमीचंच. म्हणून काही प्रकार कटाक्षाने टाळावेत. अंधारायच्या आधीच घरभर दिवे लावणं, ‘बांधली गुरं, वैरण टाकलीय, तुम्ही आधी चहा घ्या’ म्हणणं, पुढ्यात शेंगा फोडायला देणं, खिलारी जोडीची नावं विचारणं. शेवटचा तर फार घातक. आबा तासभर बैलांबद्दल बोलत बसतात आणि तेवढ्यात तुमची भाकरी होऊन जाते. यात खोटेपणा आहे असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही, पण हे मार्गदर्शिकेत बसत नाही.

पायरी ३ : चार भिंतींच्या आत ठेवा

२०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने अंदाज काढला की साठीपुढच्या भारतीयांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, आणि शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त. तेव्हा गावात आणखी घरं निघतीलच. फक्त पहिलं आपलं नको. आबांची दहा बाय दहाची खोली, दाराला बाहेरून कडी, आणि कुणी विचारलं तर ‘झोपलेत’.

पुणे-नगर रस्ता गावातूनच जातो आणि त्यावर ट्रेलर थांबत नाहीत. आबा निसटले तर त्यांना ओळखून परत आणणारी माणसं म्हणजे टपरीवाला, सलूनवाला, कंपनीच्या बसची वाट बघणारी भाडेकरू पोरं. यातली निम्मी बीड-नांदेडची नाहीतर बिहारची. आपलेही आजोबा गावी ठेवून आलेली. त्यांना आधी सांगून ठेवलं तर ती आणून सोडतात, म्हणून सांगू नये. आबांच्या कोपरीला आतून फोन नंबर शिवू नये. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ अजिबात बघू नये. त्यात हरवलेल्या प्राध्यापकांना सांभाळते ती हत्तीवाल्याची बायको, भाषासुद्धा वेगळी असलेली. परकं माणूसही सांभाळू शकतं अशी कल्पना डोक्यात शिरली की तुमचा हक्क संपला.

पायरी ४ : झोप

ही पायरी गाळावी.

पायरी ५ : सगळं वयावर ढकला

आबा कालपर्यंत नाव घेत होते आणि आज अचानक बरळायला लागले, तर ‘आजार वाढला’ म्हणून गप्प बसावं. अशा अचानक बदलामागे लघवीचा जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणं किंवा एखादं नवं औषध असू शकतं आणि त्यावर इलाज असतो. इलाज झाला की त्रास कमी होतो, आणि आपल्याला तर उलट दिशेने जायचंय. स्वतःचं बीपी तपासू नये. चिडचिड, उगाच येणारं रडू, ‘एकदाचं सुटलं तर बरं’ असा विचार आणि त्यानंतरची शरम, हे सगळं पदराआड. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तो आबांसाठी असतो असं समजावं. तुमच्यासाठी फिरवायचा नाही. आशाताई दारावरून गेल्या तर आत बोलावू नये.

पायरी ६ : पुण्याचे दादा

मोठे दीर हिंजवडीला. महिन्या-दोन महिन्यांनी येतात, केळी आणतात, आबांशेजारी बसून फोटो काढतात. आबा त्या अर्ध्या तासात काहीच न झाल्यासारखे वागतात. दादा म्हणतात, ‘वहिनी, आबा तर एकदम ठणठणीत आहेत. तुम्ही त्यांना बदाम देता का?’ इथे मान डोलवावी. वहीत आठवड्याचा हिशेब लिहून ठेवलेला असेल, किती वेळा कपडे बदलले, किती वेळा रात्री उठले, डायपरला किती गेले, तर ती वही बाहेर काढू नये. ‘वर्षाचे बारा महिने मी, तर निदान महिन्यातले दोन शनिवार-रविवार तुम्ही’ असं काही बोलू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शनिवारी दुपारी आबांची औषधं, टोपी आणि शेंगांची टोपली दादांच्या हवाली करून रविवार संध्याकाळपर्यंत माहेरी निघून जाऊ नये. गेलात तर दादा रविवारी सकाळी साडेसहालाच फोन करतात, ‘आबा रात्रभर झोपतच नाहीत का हो?’ असं विचारतात, आणि सोमवारी स्वतःच बाई शोधायला लागतात.