स्वावलंबी भाऊसाहेब

पेन्शनीत निघालेला मनुष्य गावी परतला म्हणजे त्याच्या उर्वरित आयुष्याचा ओघ कोणत्या दिशेने वाहणार, याचा अंदाज ग्रामस्थांना पहिला पावसाळा सरेपर्यंत आलेला असतो. कोणी देवस्थानच्या जमाखर्चात लक्ष घालतो आणि जुन्या विश्वस्तांची झोप उडवितो. कोणी भाऊबंदकीचे मिटलेले दावे उकरून काढतो. कोणी हापूसची चार कलमे लावतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यास त्यांची वंशावळ ऐकवितो. परंतु या सर्वांहून निराळा, संख्येने अल्प पण व्यापाने मोठा असा आणखी एक वर्ग आहे, आणि तो म्हणजे आपले कोणतेही काम दुसऱ्याच्या हातून झालेले ज्यांना खपत नाही, अशा स्वावलंबी गृहस्थांचा. कोकणपट्टीत या वर्गाचा निदान एक तरी प्रतिनिधी प्रत्येक गावी आढळतो. हर्ण्यात तो मान भाऊसाहेबांकडे आहे.

भाऊसाहेबांची उभी हयात महसूल खात्यात गेली आणि ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. खेडुतांनी कचेरीत त्यांना ज्या नावाने हाक मारली तेच नाव त्यांनी घरी आणले, आणि त्या नावाबरोबर कामाची रीतही आणली. जगातील यच्चयावत वस्तू हे एक प्रकरण आहे, ते उघडावे, पृष्ठांकन करावे आणि होते तसे पुन्हा बांधून ठेवावे, म्हणजे त्यात बिघडण्यासारखे काही राहत नाही, अशी त्यांची धारणा आहे. या धारणेपायी घरातील भिंतीवरचे घड्याळ, रेडिओ आणि विहिरीवरचा पंप यांची प्रकरणे एकेकदा उघडली गेली आहेत. पंपाचे प्रकरण चालू असता त्यांच्या घरी शेजारच्या विहिरीचे पाणी भरले जात होते, ही गोष्ट खरी. पण शेजाऱ्याचे पाणी आपण मागितले नसून त्यांनी ते सौजन्याने दिले, सबब त्याने स्वावलंबनास बाध येत नाही, असा भाऊसाहेबांचा खुलासा आहे आणि तो काकूंखेरीज सर्वांनी मान्य केलेला आहे.

त्यांच्यापाशी एक मोटार आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली, फियाट अकराशेच्या कुळातील, १०८९ सीसीच्या इंजिनाची, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बगलेत बाळगणारी ती प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून या जातीची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात कायमची निवृत्त झाली, तेव्हा वृत्तपत्रांनी हळहळ व्यक्त केली. भाऊसाहेबांनी मात्र मुंबईचा निर्णय घाईचा झाला एवढाच शेरा मारला. गाडीचा उपयोग दापोलीस जाण्यापुरता. जाताना आसूदचा चढ लागतो, आणि प्रसंगी हाताशी असावा म्हणून क्लचवर सदैव पाय ठेवून बसण्याची भाऊसाहेबांची सवय असल्यामुळे त्या चढावर क्लचप्लेट वर्षानुवर्षे झिजत राहिली. अखेर एके दिवशी इंजिन गरजू लागले, जळका वास सुटला आणि गाडी मात्र जागची हलेना. तालुक्याच्या एका कारागिराने निदान केले, की प्लेट गेली, ती बदलण्यासाठी गिअर उतरवावा लागेल आणि मग परत चढवावा लागेल. दोन्ही कामांची मजुरी ऐकून भाऊसाहेब म्हणाले,

"उतरवायचे पैसे एक वेळ समजू शकतो. पण चढवायचे कसले? आपलीच वस्तू, आपल्याच गाडीला!"

मे महिन्याचा उत्तरार्ध होता. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंतची मासेमारीबंदी तोंडावर आली होती, बंदरावर एकेक होडी वर घेतली जात होती, आणि लिलावाच्या गर्दीतून मोकळे होऊ लागलेले लोक करमणुकीच्या शोधात होते. अशा सुमुहूर्तावर भाऊसाहेबांनी गाडी खळ्यातल्या मांडवाखाली घेतली, चाके काढली, तिला जांभ्याच्या चिऱ्यांवर चढविले आणि चिरे भुसभुशीत निघाल्यास दगा नको म्हणून त्यांवर जाड फळ्या घातल्या. उतरविण्याचे काम त्यांनी खरोखरच एकट्याने केले, हे नमूद करणे न्यायाचे होईल. मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट सोडविला, तेल काढले, गिअरच्या दांड्यापासून येणाऱ्या सळ्या निराळ्या केल्या. प्रत्येक नटबोल्ट, त्याचा वायसर आणि त्याच्या जागेचे वर्णन जुन्या सरकारी लिफाफ्यांत बंद होऊन त्यांवर अनुक्रमांक पडले. गिअरपेटी शेवटच्या बोल्टाबरोबर अनपेक्षितपणे सुटली आणि खाली ठेवलेल्या गोणपाटांच्या ढिगावर येऊन आदळली, तेव्हा त्याही घटनेचा पंचनामा झाला आणि त्यात कोणाचाही दोष आढळला नाही.

खरी कसोटी पुढे होती. यंत्र खोलताना पृथ्वीचे आकर्षण आपल्या बाजूस असते. जोडताना ते विरुद्ध पक्षास जाऊन मिळते. इंजिनाच्या मागच्या टोकास फ्लायव्हील, त्यावर क्लचप्लेट आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट अशी रचना असते. प्लेट मधोमध बसविल्यावाचून प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळता येत नाहीत, कारण गिअरपेटीतून पुढे आलेला शाफ्ट प्लेटच्या दातेरी भोकातून पार होऊन इंजिनाच्या टोकातल्या लहानशा बुशात शिरायचा असतो, आणि प्लेट केसभर जरी सरकली तरी तो शाफ्ट वाटेतच अडतो. कारागिरांपाशी याकरिता एक खोटा शाफ्ट असतो. भाऊसाहेबांपाशी काकूंचे लाटणे होते. त्याच्या निमुळत्या मुठीवर चिकटपट्टीचे वेढे देऊन त्यांनी ती भोकात चपखल बसेल इतकी जाड केली, प्लेटीची पुढे आलेली बाजू पेटीकडे आहे याची तीनदा रुजुवात घेतली, आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडेथोडे, आळीपाळीने आवळले. हे काम इतके निर्दोष झाले, की स्वयंपाकघरातून आलेली लाटण्याची मागणी त्यांनी 'मुद्देमाल चौकशीकामी आवश्यक' या सबबीवर निर्धास्तपणे फेटाळली.

पेटी उचलण्याची वेळ आली तेव्हा मात्र स्वावलंबनाची व्याख्या रुंद करावी लागली. वस्तू मागणे म्हणजे साहाय्य मागणे नव्हे, असे एक पोटकलम त्यांनी प्रथम मंजूर केले, आणि त्यान्वये पंक्चर काढणाऱ्याकडून चाकांचा जॅक, सुताराकडून दोन ओंडके, शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींकडून विजेरी आणि एका नाखव्याच्या होडीवरून दोर व रिंग पान्यांचा संच अशी सामग्री पोच देऊन आणविली. वस्तूंबरोबर त्यांचे मालक आले. मालकांबरोबर त्यांचे मित्र आले. सायंकाळपर्यंत खळ्याच्या गडग्यावर बसायला जागा उरली नाही, आणि पूर्वी ज्या कामाची मजुरी भाऊसाहेबांस भारी वाटली होती, त्याच्या चहापाण्याचा खर्च काकूंनी मोजावयास प्रारंभ केला.

भाऊसाहेब गाडीखाली उताणे. त्यांच्या छातीवरून हातभर अंतरावर जॅकच्या माथ्यावर फळी, फळीवर पेटी, पेटी घसरू नये म्हणून दोराचे दोन वेढे. पेटी पुढे सरकली. शाफ्टाचे टोक प्लेटीत शिरले. बेल हाउसिंग आणि इंजिन यांत चार बोटांचे अंतर उरले, आणि तेथे ती थबकली. भाऊसाहेबांनी रेटा दिला. पेटी हलेना. त्यांनी ती डावीकडे कलविली, उजवीकडे कलविली, जॅक एक दात वर केला, एक दात खाली केला. चार बोटे ती चार बोटेच राहिली. गडग्यावरून सूचनांचा वर्षाव सुरू झाला. एकाचे मत पडले, की लांब बोल्ट घालून आवळत न्यावे, म्हणजे येईल आपोआप. यावर गाडीखालून निक्षून नकार आला, आणि तो शास्त्रशुद्ध होता. बोल्टांनी ओढून घेतलेल्या पेटीचा कान तुटतो किंवा प्लेटीचा मधला भाग वाकतो, आणि मग सारे प्रकरण पहिल्या पानापासून उघडावे लागते. दुसऱ्याने हातोडा सुचविला. तिसऱ्याने श्रीफळ.

"भाऊसाहेब," गुरुजी विजेरी धरूनच म्हणाले, "समोरचा सुवर्णदुर्ग १७५५ साली पडला, तो इंग्रजांचा कमोडोर जेम्स आणि पेशवे असे दोघे मिळून गेले तेव्हा. किल्लादेखील एकट्याला घेता आला नाही. तुम्ही तर उताणे निजून लढताय!"

"इतिहासाचा तास उद्या घ्या," खालून उत्तर आले. "आज उजेड जरा डावीकडे घ्या."

नाखव्याबरोबर आलेला एक तरुण खलाशी इतका वेळ काही न बोलता उभा होता. होडीचे मशीन भर समुद्रात बंद पडले म्हणजे तेथे गडगा नसतो आणि सूचनाही नसतात, त्यामुळे त्याची बोलण्याची सवय मोडली असावी. तो खाली वाकला, पेटीच्या मागच्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाला,

"भाऊसाहेब, गिअर टाकलाय का?"

"गाडी कुठे चालवायचीय आत्ता?"

"चालवायची नाय. गिअर टाका, नि मागून हातानं हळू फिरवा. दात दातात पडंल."

भाऊसाहेब क्षणभर निरुत्तर झाले, आणि तेवढा क्षण गडग्याने मनापासून अनुभवला. सांगण्यात तथ्य होते. पेटी न्यूट्रलमध्ये असताना मागचे टोक फिरविले तर पुढचा शाफ्ट त्याला दाद देत नाही. गिअरमध्ये टाकली म्हणजे मागे दिलेला पीळ पुढपर्यंत पोहोचतो, शाफ्टाचे दात प्लेटीच्या खाचांसमोर येतात आणि अडलेला मार्ग मोकळा होतो. भाऊसाहेबांनी पेटीच्या बगलेतला दांडा हाताने सरकवून गिअर टाकला. खलाशी मागच्या बाजूने गाडीखाली शिरला, त्याने एका हाताने तोंड फिरविले आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने पेटीला सौम्यसा दाब दिला. आतून बारीकसा 'खट्' आवाज आला, आणि सबंध दुपार ज्या चार बोटांनी खाल्ली होती ती चार बोटे एका श्वासात मिटली. बेल हाउसिंग इंजिनाला असे बिलगले, की फटीत पोस्टकार्डही गेले नसते. पेटीचे वजन शाफ्टावर लोंबू नये म्हणून भाऊसाहेबांनी स्वतः तत्परतेने पहिले दोन बोल्ट बोटांनी चढविले, आणि ते चढविताना सर्वांना ऐकू जाईल अशा स्वरात उद्गारले, "हेच मी आता करणार होतो."

तिसऱ्या दिवशी तेल भरून झाले, क्लचची जोडणी झाली आणि लिफाफे एकेक करून रिकामे झाले. अशा प्रसंगी एखादा बोल्ट शिल्लक राहतो असा लोकापवाद आहे. अव्वल कारकुनाच्या हाताखालचा बोल्ट शिल्लक राहत नाही. गाडी सुरू झाली, पहिला गिअर निमूटपणे पडला, मागचाही पडला. भाऊसाहेबांनी वहीत अखेरची नोंद केली: काम फत्ते, सदर कामी कोणाचेही साहाय्य घेतले नाही, प्रकरण दप्तरी दाखल.

आणि मग दुरुस्त गाडीची पहिली फेरी निघाली, ती मागून आणलेल्या वस्तू परत करण्यासाठी. जॅक पंक्चरवाल्याकडे गेला, ओंडके सुताराकडे, विजेरी गुरुजींकडे. प्रत्येक दारात इंजिन चालू ठेवून भाऊसाहेबांनी वस्तू सुपूर्द केली, पोचपावती परत घेतली आणि गिअर आपण एकट्याने कसा बसविला ते सविस्तर सांगितले, आणि ज्यांनी जॅक पंपला होता, दोर ताणला होता आणि विजेरी धरून हात अवघडवून घेतला होता, ते सारेजण माना डोलावून म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून झालं, भाऊसाहेब." हे ते उपहासाने म्हणत नव्हते. गावात स्वावलंबी मनुष्य एखादाच परवडतो, पण त्याच्यावाचून इतक्या निरनिराळ्या घरची माणसे एका खळ्यात दुसऱ्या कोणत्या निमित्ताने जमली असती? फक्त लाटणे परत घेण्यास काकूंनी नकार दिला. त्याच्या मुठीस ग्रीसचा वास कायमचा राहिला असून नवीन लाटण्याची मागणी त्यांनी तोंडी नव्हे, लेखी केली आहे.

शेवटी दोर आणि पाने घेऊन गाडी बंदरावर नाखव्याकडे आली. नाखवा होडीच्या मशीनबद्दल कोणाशी बोलत होता. बंदीच्या दोन महिन्यांत गिअर खोलून पाहायचा होता आणि त्यासाठी कारागीर येणार होता. भाऊसाहेबांचे कान टवकारले.

"कारागीर कशाला?" ते म्हणाले. "फुकटचे पैसे! मी आहे ना. उद्या सकाळी येतो."

नाखव्याने आयुष्यभर दर्याचे रागरंग पाहिले होते. त्याने तत्काळ आणि अत्यंत आदराने हात जोडले.

"तसं केलं असतं हो भाऊसाहेब," तो म्हणाला, "पण यंदा होडी वर काढायला उशीर आहे."

त्याच्या पाठीमागे, भरतीच्या रेषेपासून पुष्कळ वर, ओंडक्यांवर चढविलेली आणि झावळ्यांनी शाकारलेली त्याची होडी उभी होती.