नेटवाले

सातारा ते सांगली या पट्ट्यातल्या पतसंस्था, अडत दुकानं, शाळा आणि वकिलांची ऑफिसं यांचा मिळून एक सामाईक माणूस असतो. तो कुणाच्याच पगारपत्रकावर नसतो आणि त्याच्यावाचून कुणाचंच अडल्याशिवाय राहत नाही. सगळे त्याला 'नेटवाले' म्हणतात. आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त बिलावर सापडतं. पाठीवर सॅक. तिच्यात क्रिम्पिंगची पक्कड, प्लास्टिकच्या डबीत आरजे-४५ कनेक्टर, लॅन टेस्टर आणि कुठल्यातरी गिऱ्हाइकाने 'बघून सांगा' म्हणून दिलेला, आता कुणाचा ते कुणालाच न आठवणारा एक राउटर. सकाळी पोवई नाक्यावर दिसलेला हा गृहस्थ दुपारी कऱ्हाडात आणि दिवेलागणीला सांगलीच्या मार्केट यार्डात असतो.

ऑफिसात शिरल्यावर तो आधी छताकडे बघतो. तिथल्या पांढऱ्या डबीचा दिवा जागेवर आहे याची खात्री पटली, की मग माणसांना नमस्कार.

हल्ली त्याला बोलावणं येतं ते बहुतेक मोबाइलसाठी. कॉम्प्युटर चालतोय, प्रिंटर चालतोय आणि चौघांच्या फोनला मात्र नेट नाही. साताऱ्यात त्याचं स्वागत असं होतं : "आमच्या फोनला काय बी झालेलं नाय. तुमचं वायफाय बघा." सांगलीत आधी चहा येतो, मग भडंग, मग फोन कुठल्या दिवाळीला आणि कुठल्या साडूच्या सल्ल्याने घेतला तो इतिहास. तो दोन्ही सारख्याच चेहऱ्याने ऐकतो आणि विचारतो, "स्क्रीनवर काय लिहून येतंय?"

"गोल गोल फिरतंय."

"त्याच्या खाली काय लिहिलंय?"

खाली 'आयपी पत्ता मिळवत आहे' असं स्वच्छ मराठीत लिहिलेलं असतं. पण ते आजवर कुणी वाचलेलं नाही.

मग तो एसटीचं उदाहरण देतो. ते त्याला पाठ आहे. "वायफायला जोडलं म्हणजे तुम्ही गाडीत चढलात. सीट कुठं मिळालीय? सीट कंडक्टर देणार. कंडक्टर म्हणजे राउटर." आयफोनवर १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला, की तो खूश होतो. "बघा, कंडक्टरनं उत्तरच दिलं नाही, म्हणून गडी आपल्या मनानंच नंबर लावून बसलाय." आणि सेटिंगमध्ये स्टॅटिक आयपी टाकलेला कुणी सापडला, तर विचारूच नका. "रुमाल टाकून जागा धरणारी जात!" अशाच एका साहेबांनी प्रिंटरच्याच आकड्यावर रुमाल टाकला होता. साहेब ऑफिसात पाऊल टाकत आणि पावत्या छापायच्या बंद होत. ऑफिसने याचा संबंध त्यांच्या पायगुणाशी लावला होता.

हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत एका अडत दुकानाचं नेट रोज अकरा वाजता जाई. राउटरकडे वाटायला १०० ते १९९ असे शंभर पत्ते. पासवर्ड भिंतीवर, देवाच्या कॅलेंडरशेजारी. आलेला प्रत्येक शेतकरी, खरेदीदार, टेम्पोवाला एकेक पत्ता घेई आणि तासाभरात गावाकडे निघून जाई, पण पत्ता चोवीस तास त्याच्याच नावावर. दुकानात माणसं वीस आणि गाडी फुल्ल! नेटवाल्यांनी मुदत एका तासावर आणली. शेठजींना मात्र अजून वाटतं, की त्यांनी राउटर उलटा ठेवला त्याचा गुण आला.

त्याचं खरं दुखणं वेगळंच आहे. एका ऑफिसात त्याने प्रत्येक फोनचा मॅक पत्ता, म्हणजे फोनचा जन्मजात ओळख-नंबर, वहीत उतरवून यादी केली होती. यादीत नाव असेल त्यालाच नेट. पण अँड्रॉइड १० आलं २०१९ मध्ये, आयओएस १४ आलं २०२० मध्ये, आणि फोन खाजगीपणाच्या नावाखाली प्रत्येक वायफायला निराळा, बनावट मॅक सांगू लागले. तत्त्व चांगलं आहे हे त्यालाही मान्य आहे. पण वहीतला मॅक आणि फोन सांगतो तो मॅक जुळत नाही, आणि यादी फसते. "प्रवासीच खोटं नाव सांगतोय, तर आरक्षण कुणाचं बघू?" असं तो म्हणतो तेव्हा त्याचा आवाज खरोखर दुखावलेला असतो.

माझ्या मते त्याचं खरं कसब फोनपेक्षा माणसं हाताळण्यात आहे. सांगलीच्या एका पतसंस्थेत निम्म्या फोनांना नेट होतं, निम्मे नुसतेच जोडलेले. त्याने एकेक फोन हातात घेऊन गेटवे, म्हणजे कंडक्टरचा पत्ता, पाहिला. काहींचा १९२.१६८.१.१, काहींचा १९२.१६८.०.१. "एका गाडीत दोन कंडक्टर," तो पुटपुटला आणि वायर धरून निघाला. मीटिंग हॉलच्या कपाटात, अहवालांच्या गठ्ठ्यामागे, खंडेनवमीचं हळदकुंकू लागलेला एक राउटर निघाला. चेअरमन तात्यांच्या केबिनमध्ये रेंज यावी म्हणून त्यांच्या पुतण्याने घरून आणून जोडलेला. तोही आपल्या परीने पत्ते वाटत होता. स्टाफ भिंतीकडे बघू लागला. राउटर उपटून ठेवायची कुणाची छाती नव्हती.

नेटवाल्यांनी तो उपटलाच नाही. लॅपटॉप लावला, राउटरचं पत्ते वाटणं तेवढं बंद केलं. रेंज कायम, भांडण मिटलं.

"तात्या, पुतण्यानं राउटर झकास लावलाय. जरा सेटिंग केलं, बस्स."

तात्या प्रसन्न झाले. मग समोरच्या बिलाकडे त्यांचं लक्ष गेलं.

"राउटर आमचा, लावला पुतण्यानं. मग हे बिल कशाचं ओ?"

"पेट्रोलचं, तात्या. साताऱ्याहून आलोय."