गुरुवारचा सराव

हरमलला जायचं ठरलं. गोव्यात, पेडणे तालुक्यात, समुद्राला खेटून गोड्या पाण्याचं तळं आहे. त्याच्या मागच्या ओढ्याने रानात शिरलं की एक वड लागतो. हिप्पींच्या काळापासून गोरे बैरागी तिथे विजेवाचून मुक्काम ठोकत आलेत.

जाणकार मित्राने तयारीची यादी धाडली : पॉवर बँक, बॅटरी, पाण्याचे कॅन, ओडोमॉस. हिंजवडीजवळच्या मारुंजीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये शोधाशोध केली, तर सगळं हजर. पॉवर बँका चार, कारण गुरुवारी वीज जाते. कॅन सहा, कारण टँकर दहा हजार लिटरचा आणि घरं दोनशे चाळीस. लिफ्ट बंद पडल्यावर मोबाइल दातात धरून, काखेत भाजीची पिशवी घेऊन बारा मजले चढणारा माणूस ओढ्याला काय घाबरणार?

‘‘मग तिकडे जायचं कशाला?’’ बायकोने विचारलं.

‘‘शांततेसाठी. तिथे जनरेटर नसतो.’’

त्या ओढ्याकाठची पिवळी माती लोक हौसेने अंगाला फासतात. ती हौस मात्र राहू द्या. गेल्या पावसाळ्यात हिंजवडीच्या वळणावर एका डंपरने ती माझ्या इस्त्रीच्या शर्टासकट पुरवली.